टिटवीच्या नाकावरचं कुंकू

“ए, ए, ए! हात लावू नका! पूजलंय ते!”

बन्सीधरकाकांचा आवाज शेडच्या पत्र्यावर आदळून परत आला. अंबिकेचा हात हवेतच थांबला. तिच्या बोटांची मूठ झाली होती आणि ती मूठ टिटवीच्या नाकावरच्या लाकडी पंख्यापासून जेमतेम वीतभर लांब होती.

“काका, मी नुसतं ठोकून बघणार होते. रोज बघते तसं.”

“रोजचं येगळं, आजचं येगळं! आज खंडेनवमी हाय. पूजलेलं हत्यार उद्याच्या मुहूर्तापातूर हलवायचं न्हाई, शिवायचं न्हाई. मास्तरची पोर असून एवढं म्हाईत न्हाई व्हय तुला?”

“पण काका, पूजा आम्ही आल्यावर होणार होती ना?” उद्धवने विचारलं. त्याच्या डोक्यावर झेंडूच्या फुलांची पाटी होती आणि घामाचे ओघळ कानामागून गळ्यात उतरत होते. “आम्ही फुलं तोडायला गेलो आणि तुम्ही उरकूनसुद्धा टाकलीत!”

“मुहूर्त टळायलता. अन् फुलं काय, आमी आणली बाजारातनं. चला, पळा भायेर!”

काकांनी तिघांनाही हाकललं, शेडचं दार ओढलं आणि कुलूप घातलं. किल्ली बंडीच्या खिशात टाकून, वरून एकदा चाचपून ते घराकडे चालते झाले. इतक्या भराभरा चालताना त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

“कुलूप कामून घातलं?” चंद्रभान म्हणाला. “सोळा महिन्यांत ह्या शेडला कुलूप बघितलं न्हाई मी.”

दार ओढलं जाण्याआधी अंबिकेने जे पाहिलं होतं, ते ती पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणत होती. पंख्याच्या मधोमध झेंडूचा हार. डाव्या पात्यावर एक छोटंसं कुंकवाचं बोट. आणि उजव्या पात्यावर, अगदी बुडाशी, तळहाताएवढा कुंकवाचा जाड थर!

टिटवी म्हणजे विमान. एका माणसापुरतं, घरी बांधलेलं, पण खरंखुरं विमान. अंबिकेचे बाबा, मार्तंड मास्तर, हवाई दलात सोळा वर्षं विमानं दुरुस्त करत होते. आता ते परभणीच्या तांत्रिक शाळेत मुलांना लेथ आणि कानस शिकवत. विमान बांधायचं वेड मात्र सुटलं नव्हतं. हैदराबादच्या भंगारबाजारातून त्यांनी एका जुन्या जर्मन मोटारीचं इंजिन आणलं, आपल्याच गावच्या, झरीच्या, लिंबाजी मिस्त्रींकडून लाकूड कापून घेतलं आणि बन्सीधरकाकांच्या कापसाच्या रिकाम्या शेडमध्ये काम सुरू केलं. माळावरची टिटवी आधी तुरुतुरु पळते आणि मग उडते, म्हणून नाव टिटवी. गावातले लोक हसत. “मास्तरची टिटवी नुस्ती पळती, उडत न्हाई!”

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती पळतानाच उलटली. गवतात एक जुना बांध दडला होता. अंबिकेला तो आवाज आठवत होता. त्याहून जास्त आठवत होती ती आवाजानंतरची शांतता. विमान पाठीवर पडलेलं, उजवा पंख मोडलेला, नाकावरच्या पंख्याचे चार तुकडे झालेले आणि एक चाक हवेत नुसतंच फिरत राहिलेलं. बाबांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आई त्या दिवसापासून शेडकडे फिरकली नव्हती.

बाबांनी मात्र गळ्यात हात बांधलेला असतानाच मोडलेल्या पंखाच्या फासळ्या मोजायला घेतल्या. मग सोळा महिने दुरुस्ती चालली. शेजारच्या चंद्रभानने चिकटवलेल्या फळ्या दाबून धरायला शिकंजे लावले आणि सोडले. उद्धव, म्हणजे अंबिकेचा आतेभाऊ, प्रत्येक सुट्टीत चुडाव्याहून रेल्वेने यायचा आणि घासकागदाने बोटांची सालं काढून घ्यायचा. अंबिकेने पंखावर कापड शिवलं. मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन-दोन बोटांवर एक गाठ.

आणि आणखी एक काम फक्त तिचं होतं. जेट इंजिनांच्या गडगडाटात सोळा वर्षं काढल्यामुळे बाबांना बारीक आवाज ऐकू येत नसत. चिकटवलेलं लाकूड आतून नीट जुळलंय की नाही, हे ठोकून कळतं. चांगलं लाकूड ‘टण्’ बोलतं. आत फट असली की ‘थड्’. चंद्रभानची आजी, कडूबाई, बाजारात मडकं तीनदा ठोकल्याशिवाय घेत नसे. तिच्याकडूनच अंबिका हे ऐकायला शिकली होती. बाबा म्हणत, “मी ठोकतो, अंबू. तू ऐक आणि तोंडाने काही बोलू नकोस. तुझ्या चेहऱ्यावरूनच मला कळतं.”

आठवड्यापूर्वी मुंबईचे तपासनीस येऊन गेले. त्यांनी टिटवीचा खिळा न् खिळा बघितला, उड्डाणाचा कागद दिला. उद्या दसरा. दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी टिटवी सीमोल्लंघन करणार होती. माळावरून उडायचं, ओढ्यापलीकडचा शिवेचा दगड ओलांडायचा, एक फेरी मारायची आणि परत यायचं. जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. बन्सीधरकाकांनी मांडव घातला होता, बँड सांगितला होता.

“अंबू, इकडं ये!” उद्धव शेडच्या दारासमोर उकिडवा बसला होता. “नारळ कुठं फोडायचा ठरला होता?”

“ह्या दगडावर. बाबांनी पाटीच लावली आहे.”

दगडाशेजारी पाटी होतीच. बाबांच्या वळणदार अक्षरात: ‘नारळ येथेच फोडावा. विमानावर नव्हे.’

“हा दगड बघ. कोरडा ठणठणीत. वर धूळ आहे कालची.”

चंद्रभानने खिशातून खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला. “पण परसाद तर भेटलाय मला. म्हंजी नारळ फुटलाय.”

“तुला प्रसाद कधी मिळाला रे?”

“काका दार लावायलते तवाच. मी दोन तुकडे उचलले. खोटं कशाला बोलू, तीन उचलले.”

“कुठून उचललेस?” अंबिकेने एकदम विचारलं.

चंद्रभान चावायचा थांबला. “टिटवीच्या म्होरून. पंख्याच्या खालून. फरशी वली हुती तिथं. मुंग्याची रांग लागलीती.”

गावात कुणीही ट्रॅक्टर घेतला, पाण्याची मोटार घेतली, कडबा कापायचं यंत्र घेतलं, की खंडेनवमीला नारळ त्याच्या लोखंडावरच फोडायचा, ही रीतच होती. ट्रॅक्टरला काही होत नाही. पण टिटवीच्या नाकावर लोखंड नव्हतं. शिसवीच्या पाच पातळ फळ्या एकावर एक चिकटवून, त्या तासून लिंबाजी मिस्त्रींनी पंधरा दिवस खपून तो पंखा घडवला होता.

“नुसत्या ओल्या फरशीवरून काही सिद्ध होत नाही,” उद्धव म्हणाला.

“माझा डबा! शेडमध्ये काही बुजवायचं तर मेण त्यातच असतं,” अंबिका म्हणाली. शेडच्या मागच्या खिडकीचा एक गज ढिला होता. आत माणूस शिरणार नाही, पण हात शिरायचा. खिडकीलगतच्या फळीवर तिचा शिवणाचा डबा असे. तिने हात घालून तो बाहेर काढला, झाकण उघडलं. सुया होत्या, दोरा होता. मेणाचा गोळा मात्र काल लिंबाएवढा होता, तो आज सुपारीएवढा राहिला होता. आणि त्यावर एका जाड अंगठ्याचा लाल ठसा!

“कुंकू,” चंद्रभान हळूच म्हणाला.

अंबिकेने गोळा नाकाशी नेला. “आणि करडईचं तेल. मेण मऊ करायला. उद्धव, पंख्याला चीर गेली आहे. काकांनी ती मेणानं बुजवलीय आणि वर कुंकू थापलंय.”

“मग सरळ काकांना विचारू!”

काका घराच्या ओसरीवर पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते. अंबिकेने मेणाचा गोळा पुढे केला तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग एकदम लाल झाला.

“काय बोलायलीस? चीर? कुठली चीर? अगं, मुंबईचा साहेब बघून गेला, त्याचा कागद हाय. तू काय साहेबापेक्षा शानी झालीस? पोरांनो, सणासुदीला असलं अभद्र बोलू नये! मास्तरच्या कानावर घालून त्याचं मन मोडू नका. वर्षभर राबलाय तो.”

“काका, उद्या बाबा त्यात बसणार आहेत,” अंबिका म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “चौतीस, पस्तीस, छत्तीस...” ते पुन्हा खुर्च्या मोजू लागले.

बाबा तर गावात नव्हतेच. शाळेच्या कारखान्यातली खंडेनवमीची पूजा सोडता येत नाही म्हणून ते पहाटेच परभणीला गेले होते आणि उद्या थेट पाहुण्यांच्या जीपमधूनच माळावर येणार होते. फोन गावात दोन. एक पोस्टात, ते सुट्टीमुळे बंद. दुसरा बन्सीधरकाकांच्या ओसरीवर!

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापणारे तिचे हात थांबले. “बाबा आले की पहिल्यांदा तू त्यांना गाठ. कुणी काही म्हणो. कुणी म्हणजे कुणीही.” एवढंच बोलून तिने भाकरी तव्यावर टाकली. ती वाकडी पडली.

“गाठू. पण बँड वाजत असेल, गर्दी असेल, आणि मामांना ऐकू येत नाही,” बाहेर आल्यावर उद्धव म्हणाला. “शिवाय काका म्हणणार, पोरं खोटं बोलतात. काहीतरी दिसलं पाहिजे. सगळ्यांना दिसलं पाहिजे!”

चंद्रभान अंगणात उन्हात बसून मेणाच्या गोळ्याशी चाळा करत होता. “लय चिकट झालंय हे,” तो कुरकुरला आणि बोटं चड्डीला पुसू लागला.

अंबिका त्याच्या बोटांकडे बघत राहिली. “चंद्या, लिंबाजी मिस्त्रींकडं शिसवीचे तुकडे पडलेत ना? पळ, एक आण!”

पुढच्या अर्ध्या तासात अंगणात प्रयोगशाळा झाली. शिसवीच्या तुकड्यावर करवतीने चीर पाडली. मेण, कुंकू आणि करडईचं तेल मळून ती बुजवली. तुकडा उभा करून उन्हात ठेवला. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते आणि ऊन असं होतं की शेळ्यासुद्धा भिंतीची सावली सोडत नव्हत्या. उद्धवच्या मनगटावर त्याच्या वडिलांचं जुनं घड्याळ होतं. तिघं तुकड्याकडे डोळे लावून बसले.

दहा मिनिटं. वीस. तीस.

“काय होत न्हाई. पयलं मेण तुझ्या डोक्यातलं वितळंल,” चंद्रभान म्हणाला.

“गप्प रे!”

पस्तिसाव्या मिनिटाला कुंकवाचा थर चमकू लागला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला एक लाल थेंब फुगला, लांबला आणि टपकन मातीत पडला.

“एक्केचाळीस!” उद्धव ओरडला. “म्हणजे टिटवी दीड वाजता उन्हात पाहिजे!”

“आन् काका तिला मांडवात उभं करणार,” चंद्रभान म्हणाला. “सावलीत.”

दसऱ्याच्या दिवशी बारापासूनच माळ माणसांनी फुलला. झरीचीच काय, आजूबाजूच्या पाच-सात गावांची बैलगाड्या भरून माणसं आली होती. हलग्या कडकडत होत्या. टिटवीला ढकलत आणून मांडवाखाली उभं केलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पांढरं अंग, निळं शेपूट, नाकावर झेंडूचा हार. विमानाभोवती दोर बांधला होता आणि दोराजवळ काकांचे दोन दणकट गडी उभे होते. “पोरांनी लांब!” त्यांना तशी सक्त ताकीदच होती.

एक वाजून वीस मिनिटं झाली. टिटवी गार सावलीत होती.

उद्धव परभणीहून आलेल्या फोटोवाल्याजवळ गेला. “काय हो, इथं मांडवात फोटो कसा येईल?”

“कसला येतोय? मागं सगळा उजेड, म्होरं अंधार. माणसाचं तोंड कोळशावानी येईल.”

“हे तुम्ही काकांना सांगितलंत का? ते पाहुण्यांशेजारी उभे राहणार आहेत. नवा फेटा बांधलाय त्यांनी.”

फोटोवाला लगबगीने काकांकडे गेला. दुरून तिघांना नुसते हातवारे दिसत होते. काकांचा हात फेट्याकडे गेला. त्यांनी मांडवाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं.

“अरे ए! काढा तिला भायेर! उन्हात घ्या, तोंड सूर्याकडं करा! अन् खाली पांढरी चादर हातरा, शोभा दिसंल!”

चंद्रभानने तोंडावर हात दाबला. “चादर तर आपून मागितली बी नव्हती!”

“किती वाजले?” अंबिकेने विचारलं.

“एक सदतीस.” उद्धवचा आवाज खाली आला. “सात मिनिटं उशीर झालाय, अंबू. एक्केचाळीस मिनिटं धरली तर दोन अठरा. मुहूर्त दोन एकवीसचा.”

तीन मिनिटं! आणि काकांनी मेणात तेल कमी घातलं असेल तर?

जीप दोन वाजून पाच मिनिटांनी आली. धुरळा खाली बसायच्या आत बँड सुरू झाला. पाहुणे उतरले, मागून बाबा. त्यांनी जुना खाकी शर्ट घातला होता. कानामागे पेन्सिल तशीच होती. आजच्या दिवशीसुद्धा!

“बाबा! बाबा!” अंबिका दोराला रेटून ओरडली. “पंख्याला चीर आहे! बाबा!”

बाबांनी वळून पाहिलं. तिला पाहून ते हसले आणि हात हलवला. त्यांना वाटलं, ती आनंदाने ओरडते आहे! पुढच्या क्षणी काकांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना वळवलं.

अंबिका दोराखाली वाकली. एका गड्याने तिला दंडाला धरून मागे सारलं. “काय चाललंय गं पोरी? पंख्यात सापडायचंय का?”

आरती झाली. पाहुण्यांचं भाषण झालं. फोटो निघाले. बाबा टिटवीभोवती फिरू लागले. पंख हलवून बघितले, शेपूट बघितलं, चाकं बघितली, पेट्रोल बघितलं. मग ते नाकाशी आले, हार काढून बाजूला ठेवला आणि कुंकू पुसायला रुमाल काढला.

अंबिका टाचा उंचावून बघू लागली. पुसा. पुसा, बाबा!

“राहू द्या हो मास्तर!” काकांचा आवाज इथवर आला. “देवीचं कुंकू हाय. जाऊ द्या तसंच शिवंपलीकडं. चारच मिनिटं राहिलीत!”

बाबा घुटमळले. मूठ वळून त्यांनी पात्यावर ठोकलं, पण बँड दणाणत होता. त्यांनी मान वर करून गर्दीत कुणाला तरी शोधलं. अंबिकेने दोन्ही हात उंच केले. नेमका तेव्हाच एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

बाबांनी रुमाल खिशात ठेवला आणि ते टिटवीत चढून बसले. सोळा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच घड्याळाचं ऐकलं होतं.

“दोन अठरा,” उद्धव पुटपुटला. “दोन एकोणीस.”

“पड की रं,” चंद्रभान दातओठ खात म्हणाला. “पड, पड, पड!”

आणि पांढऱ्या चादरीवर एक लाल ठिपका उमटला.

शेजारी दुसरा. मग तिसरा.

“रगत!” पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. “अगं माय, इमानातून रगत गळायलंय!”

हलगीवाल्याचा हात थांबला. बँडचं एकेक वाद्य अडखळत बंद पडलं. “अपशकुन!” कुणीतरी म्हणालं. दोराजवळचे गडी आ वासून चादरीकडे बघत होते. अंबिका त्यांच्या हाताखालून निसटली.

ती धावली, पण पंख्याच्या दहा पावलं अलीकडे थांबली. बाबांचा पहिला नियम: किल्ली बाहेर आलेली दिसल्याशिवाय पंख्यापुढे जायचं नाही. मग जग बुडत असो! तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले. सगळं थांबवा, ही त्यांची खूण.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी किल्ली काढली आणि हात उंच करून दाखवली.

मग ती पुढे गेली. सगळ्या माळावर चिटपाखराचा आवाज नव्हता. तिने डाव्या पात्यावर मूठ ठोकली.

टण्!

तिने उजव्या पात्यावर ठोकली.

थड्.

पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. बाबांपर्यंत गेलं नाही. पण ते पात्याकडे बघतच नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते खाली उतरले.

रुमाल पेट्रोलमध्ये बुडवून त्यांनी कुंकू पुसलं. लाल मेण निघालं आणि खाली बोटभर लांब, केसाएवढी बारीक रेघ दिसली. बाबांनी खिशातून एस.टी.चं तिकीट काढून त्या रेघेत सरकवलं. अर्धं तिकीट आत गेलं.

“पाहुणे, जरा इकडे येऊन बघा,” बाबा शांतपणे म्हणाले. “हा पंखा मिनिटाला अडीच हजार वेळा फिरतो. पातं वरती तुटलं असतं. इंजिन जागच्या जागी उखडलं असतं. आणि मग...” त्यांचा हात अंबिकेच्या डोक्यावर आला.

बन्सीधरकाका मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. फेटा तिरपा झाला होता. “मास्तर, मी... पयल्या दोन टोल्याला नारळ फुटला न्हाई. लोक म्हणले, अपशकुन. तिसऱ्यांदा जोर लावला अन् हात सटकला. मला वाटलं, वरवरचा टवका हाय. तुमाला कळलं तर तुमी उडणार न्हाई, पाव्हण्यांत माझी शोभा जाईल... आईची आण, एवढं असंल असं वाटलं न्हाई.”

“काल आम्ही काकांना सांगितलं होतं, बाबा,” अंबिका म्हणाली.

“पोरांनी काल सांगितलं होतं तुम्हाला?” बाबांनी काकांना विचारलं.

काकांची मान खाली गेली.

“नारळ फोडलात त्याचं मला काही नाही, बन्सीधर,” बाबा म्हणाले. “चुकतो माणूस. झाकलंत, त्याचं वाईट वाटतं. आणि चूक माझीही आहे. माझ्या हातात रुमाल होता. मी मुहूर्त बघितला, लाकूड बघितलं नाही.”

काका फेटा काढून खाली बसले आणि पोरासारखे रडू लागले. मग कडूबाईनेच काठी टेकत पुढे येऊन त्यांना उठवलं. “ऊठ बाबा, ऊठ. जीव वाचला, आता रडून काय! मडकं ठोकून घ्यावं न् लेकराचं ऐकून घ्यावं. ह्या लेकरांनी आज गावाची लाज राखली.”

पाहुणे आता सावरले होते. त्यांनी तिघांना जवळ बोलावलं. मेण, तेल, एक्केचाळीस मिनिटं, फोटोवाला, सगळं ऐकून ते पोट धरून हसले. “मी आज इथं उड्डाण बघायला आलो होतो. त्याहून मोठं बघून चाललो. शाब्बास! ह्या पंख्याचा जो कुणी पुढचा कागद करील, त्यानं आधी ह्या तिघांची सही घ्यावी.”

“सर, माझी सई जरा वाकडी हाय,” चंद्रभान म्हणाला.

“चालेल!”

त्या दिवशी सीमोल्लंघन पायीच झालं. हलग्या पुन्हा वाजू लागल्या. सगळा गाव ओढा ओलांडून शिवेच्या दगडापाशी गेला. बाबांनी आपट्याची पानं वाटली. उद्धवला, चंद्रभानला, काकांनासुद्धा. अंबिकेच्या हातावर पान ठेवताना ते म्हणाले, “मी गर्दीत तुला शोधत होतो. दिसली नाहीस, तेव्हाच खाली उतरायला हवं होतं.”

लिंबाजी मिस्त्रींनी नवा पंखा घडवायला घेतला. शिसव बन्सीधरकाकांनी स्वतः जाऊन निवडून आणली आणि रोज मिस्त्रींच्या दाराशी बसून पंखा घासला. “हळू घासा, काका,” उद्धव सांगे. “हा ट्रॅक्टर नव्हे!” तपासनीस पुन्हा आले, पुन्हा कागद झाला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, मांडव नव्हता, बँड नव्हता, मुहूर्तही नव्हता. वारा पडलेला होता, हाच मुहूर्त. माळावर पंधरा-वीस माणसं होती. त्यांत आई होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढून, कडूबाईशेजारी.

बाबा टिटवीत बसले आणि किल्ली उंच धरली. अंबिका पंख्याजवळ गेली. कुंकवाचं एकच बोट मधोमध होतं. तिने डावं पातं ठोकलं, कान लावला. उजवं ठोकलं, कान लावला. मग खात्रीसाठी पुन्हा एकदा दोन्ही. दूर कुठेतरी खऱ्या टिटव्या ओरडत होत्या. तिने मान वर केली.

बाबा वाट बघत होते, तिच्या चेहऱ्याकडे.

“बोलतंय, बाबा,” ती म्हणाली. “जा.”

ती दहा पावलं मागे सरली. इंजिन धडधडलं. टिटवी आधी तुरुतुरु पळाली. मग तिची चाकं आणि माळ यांच्यामध्ये एक बारीकशी उजेडाची रेघ दिसली, ती रुंद होत गेली, आणि निळं शेपूट शिवेच्या दगडावरून पलीकडे गेलं.